साहेबाची जनावरं

मराठी माध्यमाच्या शाळांत एक पाऊस पिढ्यान्‌पिढ्या पडत आला आहे. तो मृगाचा नाही, हस्ताचा नाही. वार्षिक परीक्षेचा आहे. इंग्रजीच्या पेपरात पावसाळी दिवसावर निबंध आला की साधारण चौथ्या ओळीत आभाळातून कुत्री-मांजरं कोसळायला लागतात. 'इट वॉज रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' एवढं वाक्य घातलं की सर अर्धा गुण जास्त देतात, अशी श्रद्धा. त्यामुळे निबंध सहलीवर असो की आवडत्या सणावर, हुशार पोरगं वाटेत कुठे ना कुठे हा पाऊस गाठतंच. ऐन दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या मुहूर्तावर कुत्री-मांजरं पाडणारी मुलं या महाराष्ट्रात होऊन गेली आहेत. बाकीच्या निबंधात 'इज' आणि 'आर' एकमेकांच्या जागा बळकावून बसलेले असतात. ही एक ओळ मात्र चोख.

आता गंमत बघा. ज्या साहेबाच्या भाषेतून हा पाऊस आपल्याकडे आला, त्याच्या लंडनमध्ये वर्षभराचा मिळून जेमतेम ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत त्याहून जास्त पडतो. म्हणजे न्यायाने मांजरं पडायची ती दादरला पडायला हवीत. पण आपल्याकडे पडतात मुसळं. वेल्श लोकांकडे म्हाताऱ्या बायका आणि काठ्या पडतात. डेन्मार्कात चांभाराच्या हाताखाली उमेदवारी करणारी पोरं पडतात. त्या मानाने साहेबाने कुत्र्या-मांजरांवर भागवलं, हे सौम्यच म्हणायचं.

ही जनावरं मुळात वर गेली कशी, याची एक गोष्ट १९९९ पासून ई-मेलवर फिरते आहे आणि अजून तिचे पाय दुखलेले नाहीत. पंधराशेच्या काळात म्हणे इंग्लंडातली घरं गवताने शाकारलेली असत. ऊब मिळावी म्हणून कुत्री-मांजरं त्या छपरावर झोपत. पाऊस आला की गवत निसरडं होई आणि जनावरं धपाधप खाली. ऐकायला झकास. पण कोकणात ज्याने शाकारलेलं घर पाहिलं आहे, त्याला दोन प्रश्न पडतात. पाऊस सुरू झाल्यावर कुत्रा छपराखाली येईल की छपरावर बसून राहील? आणि मुळात तो चढला कसा, शिडीने?

जुन्या पुस्तकांत शोधलं तर हेन्री व्हॉन नावाच्या कवीने १६५१ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या वर्षावाचा उल्लेख केलेला सापडतो. आज आपण निबंधात लिहितो तो थाट दिसतो तो जोनाथन स्विफ्टच्या १७३८ च्या पुस्तकात. गलिव्हरला बुटक्यांच्या देशात पाठवणारा तोच स्विफ्ट. हे पुस्तक त्याने प्रतिष्ठित मंडळींच्या घासून गुळगुळीत झालेल्या बोलण्याची टिंगल करायला लिहिलं होतं. म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी शिळं म्हणून ज्याची खिल्ली उडवली, त्यालाच आपण अर्धा गुण जास्त देतो. त्याआधी १७१० मध्ये याच गृहस्थाने लंडनच्या पावसावर एक कविता केली होती. तिच्या शेवटी गटारं तुंबून वाहतात आणि त्यांतून बुडालेली कुत्र्याची पिल्लं आणि मेलेली मांजरं वाहत येतात. पावसानंतर रस्त्यावर हे दृश्य दिसलं तर लोक ते आभाळावर ढकलतील हे शक्य आहे. नगरपालिकेवर ढकलण्याची सोय तेव्हा नसावी.

असल्या गोष्टींच्या मागे लागलं की एक नियम हळूहळू लक्षात येतो. म्हणीची जन्मकथा जितकी गोंडस, तितका पुरावा कमी. आणि दुसरा: बदनामी जनावराची होते, करणी बहुतेक वेळा माणसाची असते.

पिशवीतल्या मांजराचंच घ्या. गुपित फुटलं की इंग्रज म्हणतो, मांजर पिशवीतून बाहेर आलं. याची जन्मकथा जत्रेतली. शेतकरी पोत्यात डुकराचं पिल्लू म्हणून मांजर बांधून विकायचा. घरी जाऊन पोतं उघडलं की भांडं फुटायचं. जोडीला दुसरी म्हण आहेच, न बघता पिशवीतलं डुक्कर विकत घेऊ नये. ती १५४६ च्या जॉन हेवुडच्या म्हणींच्या संग्रहात आहे. या डुकराच्या पिशवीला इंग्रज 'पोक' म्हणत, आणि आपण ज्यात मोबाईल कोंबतो ते 'पॉकेट' हे त्या पोकचंच पिल्लू. फ्रेंच, जर्मन आणि डच मंडळी तर सरळ 'पोत्यातलं मांजर विकत घेणं' असंच म्हणतात. इथवर ठीक. पण डुकराचं पिल्लू हातात धरलं की जे किंचाळतं ते ज्याने एकदा ऐकलं आहे, त्याला विचारा. ज्याला पोत्यातलं डुक्कर आणि पोत्यातलं मांजर आवाजावरून कळत नाही, त्याला फसवायला मांजर तरी कशाला खर्ची घालायचं? विटा पुरतील. काही जण हे मांजर जहाजावर शोधतात. तिथे खलाशांना फोडून काढायचा नऊ शेपटांचा चाबूक होता, त्याचं नाव 'मांजर', आणि तो पिशवीतून काढला की काय होणार ते सगळ्यांना कळायचं. पण पिशवीतून चाबूक निघाला तर पाठ फुटते, गुपित फुटत नाही.

आपल्या वर्तमानपत्रांचं लाडकं जनावर मात्र पांढरा हत्ती. पडदा एकदाच उघडलेलं नाट्यगृह, पाणी कधी न पाहिलेला जलतरण तलाव, उद्घाटनाची फीत कापल्यावर परत कुलूप लागलेली मंडई हे सगळे आपले पांढरे हत्ती. याची कथा सयामची, म्हणजे आजच्या थायलंडची. राजाची एखाद्या सरदारावर खप्पा मर्जी झाली की तो म्हणे त्याला पांढरा हत्ती भेट द्यायचा. पवित्र जनावर, त्याला कामाला जुंपायचं नाही, विकायचं नाही, राजाची भेट म्हणून नाकारायचं तर नाहीच. खायला मात्र हत्तीएवढंच घालायचं. वर्षा-दोन वर्षांत सरदार धुळीला मिळायचा. ही कथा ऐकताना प्रत्येकाला लग्नात आहेर म्हणून आलेली एखादी वस्तू आठवते, जी माळ्यावरही मावत नाही.

आता इतिहासाकडे वळू. १५६३ मध्ये ब्रह्मदेशचा राजा बयिनौंग याने सयामच्या अयुध्येकडे दोन पांढरे हत्ती मागितले. अयुध्येच्या राजाने साफ नकार दिला. बयिनौंग फौज घेऊन आला, आणि १५६४ मध्ये तह झाला तेव्हा दोनाच्या जागी चार पांढरे हत्ती द्यावे लागले, वर राजपुत्र ओलीस. ज्या जनावरासाठी राजे राज्य पणाला लावतात, ते एखाद्या नावडत्या सरदाराच्या दारात शिक्षा म्हणून कोण बांधेल? त्या शिक्षेला इतिहासकारांना काही आधार सापडलेला नाही. पण गोष्ट इतकी चपखल, की सयामच्या राजाच्या माथी ती कायमची बसली.

पांढऱ्या हत्तीपायी खरोखर हात पोळले ते अमेरिकेतल्या सर्कसवाल्या पी. टी. बार्नमचे. १८८४ मध्ये त्याने मोठा गाजावाजा करून ब्रह्मदेशातून एक पवित्र पांढरा हत्ती न्यूयॉर्कला आणला. गर्दी जमली. निघाला राखाडी, अंगावर थोडे गुलाबी चट्टे. खरे 'पांढरे' हत्ती असेच असतात, पण तिकीट काढून आलेल्याला हे कोण समजावणार? तेवढ्यात त्याचा प्रतिस्पर्धी ॲडम फोरपॉ याने पांढराशुभ्र, डोळे दिपवणारा हत्ती उभा केला आणि त्याला 'आशियाचा प्रकाश' असं नाव दिलं. फोरपॉचा हत्ती चुन्याने रंगवलेला होता. अस्सल हत्ती नकली ठरला आणि चुना लावलेला भाव खाऊन गेला. मराठीत 'चुना लावणे' याचा अर्थ सांगायला याहून चांगलं उदाहरण शोधून मिळणार नाही.

आणि आता या हत्तीची सोंड थेट रत्नागिरीपर्यंत येते. त्या वेळी ब्रह्मदेशच्या गादीवर थिबा राजा होता. 'पांढऱ्या हत्तींचा स्वामी' ही त्याच्या घराण्याची मानाची बिरुदावली. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी मंडाले घेतलं, राजाला उचललं आणि पुढच्या वर्षी आणून ठेवलं रत्नागिरीत. पुढे त्याच्यासाठी समुद्राकडे तोंड करून एक वाडा बांधला. १९१० मध्ये तो तयार झाला. थिबा पॅलेस म्हणून आज आपण मुलांना दाखवायला नेतो तोच. राजा तिथे १९१६ मध्ये वारला. म्हणजे तीस वर्षं इंग्रज सरकार एका राजाला पोसत होतं. त्याला कामाला लावता येईना, परत पाठवता येईना, टाकून देता येईना. त्याचा तनखा, त्याची कर्जं, तनखा वाढवून मिळावा, कर्जं फेडून मिळावीत असे अर्ज, त्यावरचे शेरे, शेऱ्यांवरचे खुलासे. ज्या इंग्रजाने ही म्हण जगभर नेली, त्याला ती रत्नागिरीच्या कलेक्टर कचेरीत बसून जगावी लागली. अर्थात राजाची स्वतःची बाजू विचारात घेतली तर हसू आवरतं घ्यावं लागतं. मंडालेच्या राजवाड्यातून उचलून आणलेल्या माणसाने कोकणातले तीस पावसाळे कसे काढले असतील, ते त्यालाच ठाऊक.

हत्ती साहेबाला परका होता. घोडा घरचा. इंग्रजीतून घोडे सोडून द्या म्हटलं तर निम्मी भाषा पायी चालू लागेल. त्यातही घोड्याचं तोंड हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. घोड्याचं वय दातांवरून कळतं, म्हणून फुकट मिळालेल्या घोड्याच्या तोंडात डोकावू नये. हे संत जेरोमने इसवी सन ४०० च्या सुमारास लिहिलं, आणि लिहिताना ही म्हण जुनीच आहे असंही सांगून ठेवलं. आपल्याकडे हा सगळा प्रकार गाईवर निभावला: 'धर्माची गाय आणि दात का गं नाय?' दोन्हीकडे दानाचं जनावर बोळकंच असणार, हे गृहीत धरलेलं आहे. दात्यांबद्दलचं जगाचं मत एकमुखी दिसतं.

विकायच्या घोड्याचे दात मात्र कोणीही बघतो, आणि इथेच घोडं पेंड खातं. गिऱ्हाईक दात बघतं हे कळल्यावर विकणारा दातांवरच कानस चालवू लागला. म्हाताऱ्या घोड्याचे दात घासायचे, त्यांत खाचा कोरायच्या, त्या काळ्या करायच्या, की घोडा सहा वर्षांचा! या कलेला साहेबाच्या भाषेत चक्क 'बिशपिंग' म्हणतात. घोड्यांचा व्यापारी म्हणजे लबाड, अशी ख्याती पसरली ती उगाच नाही. त्या ख्यातीतूनच पडद्याआडच्या घासाघिशीला इंग्रजीत घोड्यांचा व्यवहार म्हणू लागले, आणि तो व्यवहार मराठीत 'घोडेबाजार' होऊन आला. आता विधानसभेत बहुमत डळमळलं की आमच्या मथळ्यांत टापा वाजू लागतात.

या शब्दाने खऱ्या घोडेबाजारावर केवढा अन्याय केला आहे! तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. नांदेडकडे माळेगावची खंडोबाची यात्राही घोड्यांसाठी नावाजलेली. तिथे माल उघड्यावर उभा असतो. दात बघा, खूर बघा, अंगावरचे भोवरे मोजा, चालवून बघा. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची जुनी रीत आहे, तेवढं एक गुप्त. पण एकदा रुमाल उचलला की व्यवहार पुरा. विकलेला घोडा रात्रीतून रिसॉर्टवर जात नाही, आणि दुसऱ्या दिवशी पत्रकार परिषद घेऊन 'मी मूळच्याच तबेल्यात आहे' असं सांगत नाही.

घोड्याच्या तोंडची आणखी एक म्हण रेसकोर्सवरची. खात्रीची बातमी म्हणजे थेट घोड्याच्या तोंडून आलेली. जॉकीच्या मेहुण्याकडून, मोतद्दाराच्या शेजाऱ्याकडून टिप मिळवणारे महालक्ष्मीला पुष्कळ भेटतात. त्या सगळ्यांच्या वरताण म्हणून ही थट्टा निघाली. पुढे लोक ती गांभीर्याने घेऊ लागले. 'डार्क हॉर्स' हाही शर्यतीतलाच. १८३१ मध्ये एका तरुण लेखकाच्या 'द यंग ड्यूक' या कादंबरीत कोणाच्या ध्यानीमनी नसलेला काळा घोडा सगळ्यांना मागे टाकून जातो. लेखकाचं नाव बेंजामिन डिझरेली. तोही पुढे दोनदा पंतप्रधान झाला आणि त्यानेच राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी करून टाकलं. तेव्हा आपल्याकडच्या निवडणूक विश्लेषकांनी हा घोडा वापरायला हरकत नाही; आपल्यावर त्याच्या टापांचे ठसे आहेतच.

माशांकडे वळायचं तर 'रेड हेरिंग' आहे, म्हणजे मूळ मुद्द्यावरून लक्ष उडवणारी भलतीच गोष्ट. हेरिंग मासा खारवून धुरी देऊन लालसर करतात. त्याचा वास इतका उग्र, की शिकारी कुत्र्यांच्या वाटेवरून फरफटवला तर ती सशाचा माग सोडून भलतीकडे धावतील. चाळीत कोणी सुके बोंबील भाजायला घेतले की सगळ्या मजल्यांवरच्या चर्चा कशा एकाच दिशेने वळतात, तसंच हे. ही गोष्ट प्रसिद्ध केली विल्यम कॉबेट या पत्रकाराने, १८०७ मध्ये. नेपोलियनचा पराभव झाल्याची खोटी बातमी छापून वर्तमानपत्रं देशातल्या प्रश्नांवरून लक्ष उडवत आहेत, हे त्याला सांगायचं होतं. लहानपणी आपण स्वतः असा मासा ओढून कुत्र्यांना चकवलं, असंही त्याने ठोकून दिलं. मग कोशकारांची पिढीच्या पिढी शिकारीच्या पुस्तकांत या माशाचा माग काढत राहिली. कुत्र्यांऐवजी पंडित चकले. आता बऱ्याच अभ्यासकांचं मत असं, की म्हणीच्या आजच्या अर्थाचा उगम शिकारीत नसून कॉबेटच्या त्या लेखातच आहे.

मगरीच्या अश्रूंनी मात्र माझा नियमच बुडवला. मगर माणसाला खाताना रडते, हे युरोपात घरोघरी पोचवलं चौदाव्या शतकातल्या जॉन मँडेविलच्या प्रवासवर्णनाने. हे पुस्तक इकडून तिकडून उचलून रचलेलं, आणि मँडेविल नावाचा प्रवासी खरोखर होता की नाही इथपासून शंका. म्हणजे न झालेल्या माणसाने न पाहिलेली मगर. आपण तिला 'नक्राश्रू' असं सोवळं नेसवून अग्रलेखात बसवली. आणि २००७ मध्ये अमेरिकेतल्या फ्लॉरिडात केंट व्लीट या प्राणिशास्त्रज्ञाने मगरीच्या सात भाईबंदांना जमिनीवर जेवायला घालून पाहिलं, तर सातापैकी पाच जेवताना खरोखर डोळ्यांतून पाणी काढत होते, कोणाकोणाचं तर फेसाळत होतं. दुःख नाही, पश्चात्ताप नाही. जेवताना फुसफुसत हवा सोडल्यामुळे असावं, असा त्यांचा अंदाज. मँडेविलला निदान एवढ्यापुरतं निर्दोष सोडायला हवं. शहामृगाचा खटला अजून प्रलंबित आहे. त्याने वाळूत डोकं खुपसल्याचं कोणी पाहिलेलं नाही. रोमच्या प्लिनीने लिहिलं ते झुडपाबद्दल. बिचारं जमिनीतल्या खळग्यातली अंडी चोचीने उलटसुलट करायला मान खाली घालतं. पोरांची काळजी घेणाऱ्या पक्ष्याला आपण 'शहामृगी पवित्रा' म्हणून दर अधिवेशनात झोडपतो.

राहता राहिला सिंह. 'या यशात अमुक साहेबांचा सिंहाचा वाटा आहे' हे वाक्य ज्या अंकात नाही असं मराठी वर्तमानपत्र मिळणं कठीण. सहकारी कारखान्याची वार्षिक सभा असो की गणेशोत्सव मंडळाचा अहवाल, वाटा सिंहाचाच. आपण त्याचा अर्थ 'मोठा हिस्सा' असा घेतो, इंग्रजही आता तसाच घेतात. पण इसापाच्या गोष्टीत सिंह, गाढव आणि कोल्हा मिळून शिकार करतात. गाढव प्रामाणिकपणे तीन सारखे वाटे घालतं. सिंह गाढवालाच फाडतो. मग वाटणी कोल्ह्याकडे येते. कोल्हा सगळा ढीग सिंहापुढे सारतो, स्वतःपुरता चिमूटभर ठेवतो. एवढी सुरेख वाटणी कुठे शिकलास, असं विचारल्यावर तो मेलेल्या गाढवाकडे बोट दाखवतो. इसापाच्याच दुसऱ्या एका पाठात सिंह एकेका वाट्याला एकेक कारण देऊन सगळेच ठेवून घेतो. सोबत्यांना शेपूटही मिळत नाही. रोमन कायद्याने तर ज्या भागीदारीत एकाला फक्त नफा आणि दुसऱ्याला फक्त तोटा, तिला सिंहाचंच नाव दिलं आणि ती बेकायदा ठरवली.

तेव्हा वर्तमानपत्रांच्या उपसंपादकांना आणि अहवाल लिहिणाऱ्या सर्व चिटणिसांना एक विनंती आहे. 'सिंहाचा वाटा' लिहिण्याआधी बाकीच्यांच्या हाती काय उरलं तेवढं एकदा बघून घ्या. काही उरलं असेल, तर दुसरा शब्द शोधा. काहीच उरलं नसेल, तर बिनधास्त लिहा, आणि तो अंक साहेबांना अवश्य पाठवा.